बिरसीची विमाने, नागपूरची पदवी

आमचे गाव गोंदिया जिल्ह्यात, बिरसीच्या विमानतळापासून जेमतेम चार किलोमीटरवर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या त्या धावपट्टीवर आता वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, आणि त्यामुळे धानाच्या बांधीत वाकून काम करणाऱ्या बायकांच्या डोक्यावरून दर सात-आठ मिनिटांनी एक लहानसे पांढरे विमान जात असते. लहानपणी मला ती निरनिराळी विमाने वाटत. ते एकच विमान असते, धावपट्टीला चाके टेकवून न थांबता पुन्हा उडते आणि आयताकृती फेरी मारून परत उतरायला येते, हे मी सातवीत असताना बाबांनी सांगितले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. त्या संध्याकाळी त्यांनी मला तो आयत वहीत काढून दाखवला. वैमानिक व्हायचे माझे त्याच दिवशी ठरले, असे मी पुष्कळांना सांगितले आहे, पण ते खरे नाही. नेमके कधी ठरले ते मला आठवत नाही. बारावीपर्यंत ते ठरलेलेच होते एवढे आठवते.

2021 साली आमची बारावीची परीक्षा करोनामुळे रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनाने गुण मिळाले. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे लागते, वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात, वैद्यकीय तपासणीत पात्र ठरावे लागते, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीसीएच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात आणि किमान 200 तास विमान उडवावे लागते. या सगळ्यात पदवीचा उल्लेख कोठेही नाही. मी तरीही चार वर्षे अभियांत्रिकी शिकले, त्याचे कारण सरळ पैशाचे होते. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला असलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीसारख्या सरकारी संस्थेतही या प्रशिक्षणाचे शुल्क तेव्हा 45 लाखांच्या घरात होते, आणि परवाना हातात आल्यावर एखाद्या मोठ्या प्रवासी विमानासाठी लागणारे टाइप रेटिंग घ्यायचे तर त्याचे लाखो रुपये वेगळे. बाबा आणि मी बँकेत गेलो, तेव्हा साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते हे कळले. आमची पाच एकर धानाची शेती आहे, असे बाबांनी थोड्या अभिमानाने सांगितले. त्यावर व्यवस्थापकांनी शांतपणे समजावले की, कर्ज थकल्यास ज्या सरफेसी कायद्याने बँक तारणाचा ताबा घेते, तो शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून एवढ्या रकमेसाठी शेती तारण घेण्यात त्यांना रस नाही. अकृषक प्लॉट किंवा घर असेल तर बोलू. गोंदियात आमचा एक प्लॉट होता, पण त्यावर शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज होते आणि त्याचा शेवटचा हप्ता 2025 मध्ये होता. बसमध्ये परतताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चार वर्षं आहेत. चार वर्षांत इंजिनिअरिंग होते."

अशा रीतीने माझी पदवी एका प्लॉटच्या हप्त्यांवरून ठरली. आमच्या नातेवाइकांना मात्र हा टप्प्यांनी गाठायचा एकच रस्ता वाटला. मेकॅनिकल झाली की पोरगी विमानात बसणार, अशी मोठ्या बाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, पक्की समजूत होती, आणि विमानाचे अभियंते आणि वैमानिक यांचे परवाने, अभ्यासक्रम आणि आयुष्येही निराळी असतात हे त्यांना पटवणे मी दुसऱ्या वर्षानंतर सोडून दिले.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला. माझे वसतिगृह वर्धा रोडच्या बाजूला होते आणि सोनेगावच्या विमानतळाकडे उतरणारी विमाने आमच्या गच्चीवरून दिसत. पहिले वर्ष मी वाया घालवले, असे म्हणताना मला संकोच वाटत नाही. मी वर्गात बसत असे, पण मोबाईलवर नागपूर विमानतळाचा दर अर्ध्या तासाचा हवामान अहवाल उघडून पाहत असे. व्हीएएनपी या चार अक्षरांनी सुरू होणारी ती सांकेतिक ओळ वाचायला मी यूट्यूबवरून शिकले होते. त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून 0830 म्हणजे आपल्या दुपारचे दोन. त्यापुढे वाऱ्याची दिशा आणि वेग, मग दृश्यमानता, ढग, तापमान, दाब. वारा वायव्येकडून असेल तर विमाने 32 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणार, आग्नेयेकडून असेल तर 14 क्रमांकाच्या, एवढा अंदाज मी बांधत असे आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन तो बरोबर आला का ते पाहत असे. हा अभ्यास आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती. निकालाच्या दिवशी एम-टूमध्ये बॅक लागल्याचे कळले, आणि गणिताच्या शिक्षकाच्या मुलीला गणितात बॅक, हे बाबांना फोनवर सांगताना मी तो हवामान अहवाल पहिल्यांदा बंद केला.

हवाई दलाचा मार्ग मी त्याच काळात तपासून पाहिला. एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून जायचे तर पदवी लागते, प्रशिक्षणाला एक रुपया लागत नाही, आणि 18 जून 2016 रोजी देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक हवाई दलात दाखल झाल्यापासून मुलींना ते अशक्यही राहिलेले नाही. माझ्या वर्गातल्या दोघीजणी एएफकॅटची तयारी करीत होत्या. त्यांच्या पुस्तकात मागच्या पानावर शरीराच्या मापांची यादी होती. उड्डाण शाखेसाठी किमान उंची 162.5 सेंटीमीटर. मी 159 आहे. वसतिगृहाच्या भिंतीला पाठ लावून, टाचा जमिनीला टेकवून, डोक्यावर आडवी पट्टी धरून आम्ही चार वेळा मोजले, आणि चारही वेळा 159 च आले. यावर करण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे त्याचे दुःखही फार दिवस टिकले नाही.

त्यानंतरची गोष्ट मात्र टिकली. 18 मार्च 2023 रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ जंगलात कोसळले, आणि त्यातले प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी तरुणी असे दोघेही गेले. बालाघाट मध्य प्रदेशात असले तरी आम्हाला ते परके नाही. आमच्या निम्म्या लग्नांच्या वराती तिकडे जातात. ती मुलगी कोण होती हे मला माहीत नव्हते, पण तिचे विमान कधीतरी आमच्या बांधीवरून गेलेच असणार. त्या रात्री आईचा फोन आला. ती रडली नाही की रागावलीही नाही. "तुझी परीक्षा कधी आहे?" एवढेच तिने विचारले, आणि मी तारीख सांगितल्यावर "ती नीट दे" म्हणाली. पुढचे तीन महिने आमच्या घरात विमानाचा विषय निघाला नाही. सुट्टीत घरी गेले तेव्हा आवाज ऐकून अंगणात धावण्याची माझी सवय मी मुद्दाम आवरली, आणि आई ते पाहत होती हे मला कळत होते. शेवटी जूनमध्ये एका सकाळी तीच म्हणाली, "आधी डॉक्टरकडे तर जाऊन ये. तिथंच नाही म्हणाले तर हा जीवाला घोर कशाला?"

हे आईचे बोलणे माझ्या चार वर्षांतला सर्वांत उपयोगी सल्ला ठरले. मी ज्यासाठी झुरत होते त्याची पहिली पायरी काही हजार रुपयांची होती आणि ती चढायला पदवी, प्लॉट, कर्ज यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागत नव्हती. वैद्यकीय तपासणी दोन पातळ्यांवर होते: आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे द्वितीय श्रेणीची, आणि तिचा निकाल आल्यावर मान्यताप्राप्त केंद्रात प्रथम श्रेणीची. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, बंद खोलीत कानाला हेडफोन लावून घेतलेली श्रवणचाचणी, आणि रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे ओळखण्याची रंगदृष्टीची चाचणी, ज्या चाचणीची मला सर्वांत जास्त धास्ती होती. मला उणे पावणेदोनचा चष्मा आहे, आणि चष्मा असला की वैमानिक होता येत नाही हे मी लहानपणापासून इतक्या जणांकडून ऐकले होते की डॉक्टरांसमोर तो काढून ठेवावा असेही क्षणभर वाटले. चष्म्याने दृष्टी पूर्ण येत असेल तर चालते, उडताना तो घालायचा आणि जोडीला दुसरा एक जवळ ठेवायचा, असे डॉक्टर म्हणाले. मी अडकले ते भलतीकडेच. हिमोग्लोबिन 10.8 निघाले. लोहाच्या गोळ्या लिहून देऊन त्यांनी मला दोन महिन्यांनी यायला सांगितले, आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू नागपूरला पाठवताना आईने डब्यावर "रोज दोन" असे लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. दोन महिन्यांनी 12.4 आले.

द्वितीय श्रेणीचा निकाल आल्यावर मी डीजीसीएच्या परीक्षांचा विचार पहिल्यांदा गंभीरपणे केला. विमान एकदाही न उडवता हे पेपर देता येतात, ही गोष्ट आमच्या महाविद्यालयात कोणालाच माहीत नव्हती, आणि मलाही इतक्या उशिरा कळावी याचे आता नवल वाटते. बोर्डाच्या गुणपत्रिकेच्या पडताळणीसह अर्ज केला की एक संगणक क्रमांक मिळतो आणि त्यावर परीक्षांची नोंदणी होते. हवाई नियम, हवामानशास्त्र, दिशादर्शन आणि तांत्रिक असे विषय असतात. प्रत्येकात 70 टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. 40 ला पास होण्याच्या विद्यापीठीय सवयीतून आलेल्या मला तो 70 चा आकडा फार उद्धट वाटला.

नियमांचा पेपर पाठांतराचा होता, तो झाला. हवामानशास्त्रात मला गोडी लागली, कारण नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब त्यात सापडला. हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवेत पंख, पंखा आणि इंजिन या तिघांचेही काम मंदावते. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार फुटांवर आहे, आणि त्या उंचीला प्रमाण वातावरणात 13 अंश तापमान धरलेले असते. मे महिन्यात पारा 45 वर गेला म्हणजे 32 अंश जास्त. दर अंशाला साधारण 120 फूट या हिशेबाने विमानाला आपण जवळपास 5,000 फुटांवर आहोत असे वाटू लागते. त्याच सत्रात आम्हाला थर्मोडायनॅमिक्स होते. आदर्श वायूचे जे समीकरण मी दोन वर्षे केवळ गुणांसाठी लिहीत आले होते, तेच बिरसीची विमाने उन्हाळ्यात पहाटे उडून दहाच्या आत हँगरमध्ये का परततात याचे अर्धे उत्तर होते. उरलेले अर्धे उत्तर म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे लोट, ज्यांत नवशिक्यांचे विमान होडीसारखे डचमळते. मी हे बाबांना फोनवर सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे एम-टू वाया गेला नाही." तो विषय ते कधी सोडत नाहीत.

दिशादर्शनाने मात्र मला पाडले. एक अंशाची चूक 60 मैलांवर एक मैल होते, हा वैमानिकांचा जुना ठोकताळा मला फार आवडला होता. बिरसी ते नागपूर हवेतून सुमारे 75 सागरी मैल, म्हणजे पाच अंश चुकले तर विमान सहा मैल बाजूला जाऊन विमानतळाऐवजी शहराच्या भलत्याच टोकाला निघेल, असली गणिते मी वहीभर सोडवली होती. पण खरी दिशा, चुंबकीय दिशा आणि होकायंत्राची दिशा यांच्यातली बेरीज-वजाबाकी घाईत उलटी करण्याची माझी खोड गेली नव्हती. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाऊन परीक्षा दिली आणि 66 टक्के घेऊन परतले. दुसऱ्या प्रयत्नाच्या आधी बाबांनी मला रोज रात्री फोनवर दहा प्रश्न घातले. त्यांना विषय माहीत नव्हता, पण चुंबकीय फरक पूर्वेकडे असेल तर वजा आणि पश्चिमेकडे असेल तर अधिक, हा नियम त्यांनी फळ्यावरच्या सूत्रासारखा पाठ केला आणि मी चुकले की ते नुसतेच थांबत. या वेळी 81 आले.

या धडपडीत पदवीकडे दुर्लक्ष झाले का, असे मला आता पुष्कळ विद्यार्थी विचारतात. खरे सांगायचे तर उलट झाले. स्वप्नाला वेळापत्रक आल्यावर ते वर्गात येऊन त्रास देईनासे झाले. पहाटे पाच ते सात डीजीसीए आणि त्यानंतर विद्यापीठ, अशी वाटणी दीड वर्ष टिकली, आणि सातव्या सत्रात माझा गुणांक पहिल्या वर्षापेक्षा दोनने वर गेला. पदवी ही आधारासाठी असते, विमान नाही जमले तर नोकरी करता येईल, हे घरोघरचे शहाणपण मात्र मला अर्धेच पटते. उड्डाणाच्या प्रशिक्षणात दोन-तीन वर्षे घालवून परतलेल्या मुलीची शिळी मेकॅनिकल पदवी कोणता कारखाना आनंदाने घेईल, हे सांगणारे मला अजून कोणी भेटलेले नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला आम्ही चौघांनी प्लायवूडचा एक छोटा वायुबोगदा, म्हणजे पंखावर वारा सोडून पाहण्याचा बोगदा, बांधला. माझ्या तिन्ही सहकाऱ्यांना सोलर ड्रायर करायचा होता, कारण तो दरवर्षी होतो आणि त्याचा अहवाल सिनिअर मुलांकडे तयार मिळतो. मी त्यांना कसे वळवले ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा उदबत्तीचा धूर सोडून काढलेले फोटो चांगले येतील या आमिषानेच ते तयार झाले. सेसना 172 या लहान विमानाला ज्या जातीचा पंख असतो, तो "नाका 2412" नावाचा आकार आम्ही थर्माकोलमध्ये कापला, त्यावर पातळ फिल्म चढवली आणि पाठीवर लोकरीचे बोटभर धागे ओळीने चिकटवले. पंखा सुरू केला की धागे मागच्या बाजूला सरळ पडत. पंखाचे नाक हळूहळू वर केले की आधी मागच्या कडेचे धागे थरथरू लागत, मग मधले, आणि एका अंशाला सगळे एकदम उलटे फिरून भांडल्यासारखे फडफडत. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणे म्हणजे स्टॉल, असे मी कित्येक वर्षे समजत होते; इंजिनाशी त्याचा संबंध नसतो, हवा पंखाच्या पाठीला सोडून जाते एवढेच असते, आणि ते ठरते वाऱ्याला पंख किती कोनात सामोरा जातो त्यावर. कार्यशाळेत संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ते धागे पुन्हापुन्हा उलटवून पाहत बसे. त्या खोलीला ग्रीसचा आणि उदबत्तीचा मिळून एक चमत्कारिक वास येत असे.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी फोटो बाजूला ठेवले आणि विचारले, "पुस्तकात हा पंख 15-16 अंशांना स्टॉल होतो. तुमचा 11 ला कसा झाला?" आमच्या अहवालात याचे कारण थर्माकोलचा खडबडीतपणा असे लिहिले होते. ते त्यांना पटले नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मी फळ्यावर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे पंखाची रुंदी आणि वाऱ्याचा वेग यांवरून हवा कशी वाहील ते सांगणारा आकडा, काढला: दहा सेंटीमीटर रुंदीचा पंख आणि सेकंदाला 12 मीटर वारा, म्हणजे सुमारे 80,000, खऱ्या विमानाचा याच्या कित्येक पटींनी, लाखांत. इतक्या लहान आणि संथ पंखावरची हवा लवकर दमते आणि लवकर सुटते. "मग हे अहवालात का नाही?" असे त्यांनी विचारले. आदल्या रात्रीपर्यंत मला ते सुचलेच नव्हते, हे मी सांगून टाकले. ते हसले. गुण चांगले पडले.

प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी डिसेंबरच्या सुट्टीत पार पडली होती, तांत्रिक पेपरही निघाला होता. रेडिओवरील संभाषणाच्या परवान्याची परीक्षा, जी नव्या भारतीय वायुयान अधिनियमाने 2025 पासून दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे आली, ती मी प्रशिक्षणाच्या काळासाठी राखून ठेवली. महाविद्यालयात मुलाखती घ्यायला आलेल्या एका कंपनीने मला चाकणच्या नोकरीचे पत्र दिले. आठव्या सत्राचे पेपर आटोपून मी घरी होते तेव्हा, 12 जून 2025 ला, अहमदाबादची विमान दुर्घटना घडली. टीव्हीवर ती दृश्ये पुन्हापुन्हा दाखवत होते. दोन वर्षांपूर्वीचा तो फोन मला आठवत होता आणि आईलाही आठवत असावा. तिने टीव्ही बंद केला, चहा ठेवला, आणि बराच वेळाने विचारले, "असं झालं की मग कारण शोधतात ना ते?" शोधतात, आणि त्यावरून नियम बदलतात, असे मी म्हणाले. त्यापुढे आम्ही दोघी काही बोललो नाही.

जुलैमध्ये निकाल लागला आणि त्याच महिन्यात पतसंस्थेचा शेवटचा हप्ता फिटला. ऑगस्टच्या एका सकाळी बँकेने नेमलेले मूल्यांकनकार प्लॉट पाहायला आले. पाऊस नुकताच उघडला होता. मी टेपचे एक टोक धरून उभी होते, दुसरे त्यांच्या हातात होते आणि बाबा चिखलातून हद्दीचे दगड शोधत होते. ढग जरा वर गेल्याबरोबर बिरसीकडून पहिले विमान आले आणि आमच्या डोक्यावरून वळले. साहेबांनी मान वर केली.

"रोज जातात का हो ही इतकी विमानं?"

"एकच आहे ते," बाबा म्हणाले. "आठ मिनिटांनी परत येईल, बघा."

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि कागदावर पूर्वेकडची बाजू 40 फूट अशी लिहिली.